बिनधुराचा कोळसा

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी विहारात वंदनेला गेले होते. आल्यावर खीर करायची म्हणून निघायच्या आधी दूध आटवायला ठेवलं आणि सुहासला म्हटलं, "लक्ष ठेव रे, खाली लागायला नको." तो शेजारच्याच खोलीत पेपर घेऊन बसला होता. परत आले तर फाटकापाशीच करपल्याचा वास. स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, पातेलं काळंठिक्कर, दुधाचा पत्ता नाही. मी ओरडत आत धावले. सुहासनं शब्दकोड्यातून मान वर केली आणि विचारलं, "झाली वंदना?"

पावसाळ्यात त्याला तो ताप येऊन गेला, तेव्हापासून वास कमी येतो म्हणायचा. 'कमी' हा त्याचा शब्द. आज कळलं, काहीच येत नाही.

पातेलं घासत होते तेव्हा शेजारी येऊन उभा राहिला. "सॉरी, ज्योत्स्ना," म्हणाला. आम्ही एकाच रेल्वे कॉलनीत वाढलो, एकमेकांचे गुडघे फोडले, लग्न केलं, आणि एवढ्या वर्षांत त्यानं मला सॉरी म्हटलेलं आठवत नाही. मला त्या धुरापेक्षा त्या शब्दाचीच भीती वाटली.

५ ऑक्टोबर, रविवार

अनघा पुण्याहून आली. पातेलं मी माळ्यावर टाकलं होतं, पण सुहासनं स्वतःच सगळं सांगितलं. लेकीशी खोटं बोलता येत नाही त्याला.

"आई, उद्या गॅस लीक झाला तर? तू बाहेर असशील आणि बाबा चहाला लायटर लावतील."

"मी बाहेर जाणारच नाही."

"आंघोळीला तरी जाशील ना?"

तिच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय. डिसेंबरात तिकडे या म्हणते. मी खिडकीतून अंगणाकडे पाहत राहिले. मी शाळेत असतानाच माझ्या वडिलांनी रेल्वे कॉलनी सोडून हे घर बांधलं. तेव्हा लोणावळ्याच्या या तुंगार्लीत एवढे बंगले नव्हते. तळ्यावरचं धुकं थेट आमच्या पायरीपर्यंत यायचं, आणि कॉन्व्हेंटमधून घरी येताना मला आपलं घर दिसायच्या आधी आईच्या शेगडीचा लाल ठिपका दिसायचा.

"तुझी आई इथून हलली तर वाळून जाईल," सुहास म्हणाला.

"मग बाबा, तुम्हाला वास यायला हवा," अनघा म्हणाली. बोलून गेली आणि गाडीत बसताना रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचं चुकलं नाही.

सुहास बराच वेळ अंगणातल्या खुर्चीवर बसून होता.

९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चार बाटल्या आणल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. वासाची नस दुखावलेली असते, ती हळूहळू जागी होऊ शकते, आणि नाहीही होऊ शकत, असं ते म्हणाले. जागी होताना कधी कधी उलटसुलट वास येतात म्हणे.

सुहास शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून बाटल्या हुंगतो. "काय येतंय?" मी विचारते. "बाटली," तो म्हणतो.

हा माणूस घाटात रेल्वेचा गार्ड होता. खंडाळ्याहून गाडी उतरताना मागच्या डब्यातून डोकं बाहेर काढून ब्रेक तापल्याचा वास ओळखायचा. एकदा मंकी हिलच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली होती. ड्रायव्हर चिडला, पण खाली उतरून बघतात तो चाक निखाऱ्यासारखं लाल. कॉलनीतल्या बायका गमतीनं म्हणायच्या, सुहासच्या घरी दूध फाटायच्या आधी त्याला कळतं.

आज पानात अर्धी भाकरी टाकली. सगळं कागद चावल्यासारखं लागतं म्हणाला. पॅंट कमरेत सैल झाली आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल संध्याकाळी तुंगार्लीच्या धरणाकडे फिरायला गेलो होतो. तिथे शालूबाई कणसं भाजते. निळ्या ताडपत्रीखाली घमेलं, त्यात निखारे, हातात पुठ्ठ्याचा पंखा. सुहास तिच्या घमेल्यापुढे थांबला, डोळे मिटले आणि धगीकडे तोंड करून नुसता उभा राहिला. बाटल्यांपुढे त्याचा चेहरा असा कधीच झाला नव्हता.

मला वाटलं, चार थेंब अत्तरानं काय होणार? ज्या वासावर माणूस वाढला तो द्यायला हवा. विस्तवाचा.

अनघानं भेट दिलेली जाळीची शेगडी खोक्यातच पडून होती, ती आज काढली. मॉलमधून कोळशाची पिशवी आणली. वर परदेशी कुटुंबाचं चित्र, सगळे हसताहेत. आत निम्मा चुरा, काही खडे, आणि जे तुकडे होते ते सरळ कडांचे, पट्ट्यांसारखे. एकात खिळा निघाला. खोकी आणि फळ्या जाळून केलेला कोळसा असणार. पेटता पेटेना म्हणून रॉकेलसारखं काहीतरी ओतलं, तर भाजलेल्या कोंबडीला त्याचाच वास. मी दोन घास खाऊन ठेवून दिली. सुहासनं मात्र सगळी खाल्ली. "छान झालीय," म्हणाला. त्याला रॉकेलही कळलं नाही. मोरीत जाऊन रडले.

१५ ऑक्टोबर

आज माझ्या हातून एक विनोद घडला.

कोळशाच्या दुकानातून सुटा कोळसा आणला. मोठे तुकडे होते, पण धूळ इतकी की हात काळे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की जे ताटाच्या जवळ जाणार ते धुतलेलंच असावं. मी बादलीत पाणी घेतलं आणि सगळा कोळसा धुतला. ब्रशनं. मग जुन्या चादरीवर ओळीनं वाळत घातला.

शालूबाई घरी जाताना फाटकाशी थांबली.

"ताई, ह्ये काय वो?"

"कोळसा धुतलाय."

ती पदर तोंडाला लावून खाली बसली. "आता गोरा व्हईल का त्यो?"

मीही हसले. सुहास व्हरांड्यातून हसला, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. तेवढ्यासाठी मी रोज कोळसा धुवेन.

१८ ऑक्टोबर

धुतलेला कोळसा वाळला असं समजून पेटवला. फटाक्यांसारखा उडायला लागला. एक ठिणगी माझ्या बाहीवर. शालूबाई म्हणते लोणावळ्यात न धुतलेला कोळसासुद्धा हवेतलं पाणी पितो, तिचं पोतं ती चुलीशेजारी ठेवते. तिच्या मते कोळसा घ्यायचा तर बाभळीचाच. "बाभूळ घ्या. दुसरं काय बगूच नका. लय येळ टिकतो."

"पण ओळखायचा कसा?"

"आता कसा म्हंजे? बाभूळ हाय का, इचारायचं. त्यो व्हय म्हनतो, आपन घ्यायचा."

"आणि तो खोटं बोलला तर?"

"मंग भांडायचं!"

दिवाळीची पणत्यांची खरेदी राहिली आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

हात न धुताच वही घेतली आहे, पान काळं होईल.

आज पुन्हा शेगडी मांडली. रॉकेल नाही, नारळाच्या शेंडीवर कापूर ठेवून पेटवलं, शालूबाईनं सांगितलं तसं. निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबले. कोंबडीला दही, लसूण, धणे-जिरे लावलं होतं. जाळीवर ठेवली, आणि व्हरांड्यातून सुहासचा आवाज आला, "वा! काय खमंग वास सुटलाय गं!"

चिमटा हातातून पडला. मी धावत गेले. "येतोय? खरंच येतोय?"

"येतोय थोडा थोडा. आलं जास्त घातलंस वाटतं आज."

आलं मी घातलंच नव्हतं, घरात नव्हतंच. पण डॉक्टर म्हणाले होते ना, आधी उलटसुलट येतात. लसणाचा आल्यासारखा आला असेल. मी त्याचं डोकं छातीशी धरलं. त्यानंही मला घट्ट धरलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

अनघाला लगेच फोन केला. ती म्हणाली, "बाबांना दे." दोघं काय बोलली ते मी ऐकलं नाही. विस्तवाकडे बघत बसले. लाकूड जळून गेलं, ते विझलं, काळं झालं, पोत्यात भरलं, आणि त्यात एवढं उरलं होतं की माझ्या नवऱ्याला परत आणावं!

३० ऑक्टोबर

आता चांगलाच कोळसा हवा. कामशेतला नथूशेठची वखार आहे, ढाब्यांना माल देतात. अंधाऱ्या पत्र्याखाली पोत्यांच्या थप्प्या, आणि मध्ये उघड्यावर काळा डोंगर. नथूशेठच्या पापण्यासुद्धा काळ्या.

मी एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर आपटला. टण्ण. अगदी काचेच्या पेल्यासारखा. दुसरी जोडी घेतली; बद्द. पुन्हा पहिली. टण्ण. मला एकदम आमच्या सिस्टर ॲग्नेस आठवल्या. गाण्याच्या तासाला बाकांवरून चालत यायच्या, एकेकीच्या तोंडाशी कान न्यायच्या, आणि चुकीचा सूर सापडला की त्या मुलीच्या डोक्यावर पेन्सिल टेकवायच्या. मारायच्या नाहीत, नुसती टेकवायच्या. मी तसंच करत गेले. वाजेल तो डावीकडे, बद्द तो उजवीकडे.

"मॅडम, कोळसा घेताय का मोती?" नथूशेठ म्हणाले.

"हा का वाजतो आणि हा का नाही?"

त्यांनी बद्द तुकडा माझ्याकडून घेतला, गुडघ्यावर मोडला. आत तपकिरी. "कच्चा ऱ्हायला. पुरा भाजलाच न्हाई, म्हून धूर करनार." मग वाजणारा मोडला, आरपार काळा, मोडल्याजागी चकचकीत. "पन मॅडम, वाजवून घेनारं गिऱ्हाईक पयलंच बगतोय. आमी आपलं वजन बगतो. लय जड लागलं की समजायचं, पानी मारलंय."

"तुमच्याकडे मारतात?"

"माज्याकडं?" ते छातीवर हात ठेवून हसले. "शेजारच्या वखारीत मारत असतील."

दोघांनी मिळून एक पोतं निवडलं. मागे ढाब्याचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, पण नथूशेठनाही नाद लागला होता. "ह्यो बगा, ह्यो! वाजला का न्हाई?" असं म्हणून मलाच ऐकवत होते.

भट्टी कशी लावतात तेही त्यांनी सांगितलं. लाकडं रचून वरून पाला आणि माती लिंपतात, आग लावतात आणि तिला हवा मिळू देत नाहीत. आत लाकूड दिवसचे दिवस तापतं, पण जळून जात नाही. फक्त त्याचं पाणी जातं, धूर जातो.

३१ ऑक्टोबर

सकाळी उन्हात एक तुकडा बहिर्गोल भिंगाखाली धरला. अंगावर काटा आला. त्यात वलयं आहेत. झाडाचं एकेक वर्ष, काळं, पण एकही पुसलेलं नाही. एका बाजूला सगळी वलयं दाटीवाटीची. ती बहुधा कोरडी वर्षं. एका जागी फांदी फुटू पाहत होती तो डोळा. ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढायचं त्या नळ्यासुद्धा तशाच, सुईच्या टोकाएवढ्या. आगीतून जाऊन झाड आपला चेहरा विसरलेलं नाही.

सुहासला हाक मारून दाखवलं. तो भिंगातून पाहत राहिला. "कमाल आहे," म्हणाला. मग तुकडा नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघून पटकन खाली ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

सुक्या बोंबलांचा दिवस. निखाऱ्यावर थेट टाकायचे, उलटायचे, आणि चटणीबरोबर गरम भाकरी. मागच्या बंगल्यातल्या वीकेंडच्या पाहुण्यांनी धडाधड खिडक्या लावल्या. पण त्याच्याही आधी सुहास आतून म्हणाला, "बोंबील! आहाहा!" मी तर पुडी नुकतीच सोडत होते! नाक पूर्वीसारखं तेज होतंय. पूर्वी तो पुडी बांधलेली असतानाच ओळखायचा.

बाजारातून पिशवी त्यानंच आणली होती, हे खरं. पण पिशवीत तर बरंच काही होतं.

१३ नोव्हेंबर

शालूबाईकडे कणसं घ्यायला थांबले. माझा वाजवून निवडलेला कोळसा तिला भेट म्हणून नेला होता. तिनं घमेल्यात घातला, वारा घातला, आणि मान्य करणार नाही असा चेहरा करून म्हणाली, "बरा हाय. पन बाभळीचा न्हाई."

मग म्हणाली, "सायेब लय हौशी झाल्यात बगा. रोज सकाळी चालाया येत्यात आन् इचारत्यात, शालूबाई, आज बाईंनी काय नेलं? काय घालनार म्हनत होत्या? लसून का मिरची? समदं इचारून घेत्यात."

मला किती बरं वाटलं. खाण्यात गोडी परत आली की माणूस असाच चौकशा करतो.

"आन् खात्यात का नीट?" तिनं विचारलं.

"खातात की. पानात काही उरत नाही."

उरत नाही खरंच. पॅंट मात्र अजून सैल आहे. आणि आमच्या अंगणात येणारी ती पिवळी मांजर बघता बघता केवढी गुबगुबीत झालीय. कुणाकडे जेवते कोण जाणे.

२१ नोव्हेंबर

हे लिहू नये असं वाटत होतं.

दुपारी झोपून उठले तर घरात गॅसचा वास. धावत गेले. गॅसच्या मागच्या बर्नरचं बटण जरासं फिरलेलं. सुहास तिथेच टेबलाशी बसून वाटाणे सोलत होता. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटरही बंद केला.

"अगं, आत्ताच उठणार होतो बंद करायला," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. वाटाण्याची टरफलं उगाच एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत होता.

सर्दी असेल. दोन दिवस धुकं उतरतंय, नाक चोंदतं अशा हवेत. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं.

अनघा तीस तारखेला येते आहे. "मी स्वतः बघते," म्हणाली.

२८ नोव्हेंबर

नथूशेठकडून नवं पोतं आणलं. नेहमीसारखं बसून निवडायचं आहे, पण मन लागत नाही. उद्या करीन.

सुहास आज मला म्हणाला, "तुला हे अंगण किती आवडतं ना?" मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?" तो म्हणाला, "नाही, सहज."

३० नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळ झाली आहे. दोघं आत बोलताहेत. मी पायरीवर बसून लिहिते आहे, घडलं तसं.

अनघा सकाळी आली. चहा झाला आणि तिनं पर्समधून डब्या काढल्या. हसत हसत म्हणाली, "बाबा, एक खेळ." आपली ओढणी तिनं सुहासच्या डोळ्यांवर बांधली आणि त्याला अंगणात खुर्चीवर बसवलं. तोही हसत होता. मी तर निर्धास्त होते. मनात म्हटलं, बघ आता, तुझ्या आईनं काय केलंय ते.

तिनं नाकाशी लवंग धरली.

"कोंबडी?" तो म्हणाला.

मी हसले. मला वाटलं थट्टा करतोय. तिनं साबण धरला. तो म्हणाला, "लिंबू." कॉफी धरली. तो गप्प. हिंग धरला, तो हिंग फाटकापर्यंत येत होता. त्यानं खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मग हात मांडीवर ठेवले.

"अनू, पुरे," तो म्हणाला. "मला काही येत नाही. कधीच आला नाही."

"मग आईला सांगत होतात ते?"

"तिला इथून हलवू नको म्हणून. आणि ती एवढ्या काळ्या हातांनी, एवढ्या आनंदात यायची... तुला ठाऊक नाही, ती कोळसा कानाशी धरते. मला कसं म्हणवणार होतं, येत नाही म्हणून?"

डोळे बांधलेले असल्यामुळे मी पाच हातांवर उभी आहे हे त्याला कळलं नसावं. की कळलं होतं, कोण जाणे.

मला राग आला. लाज वाटली. आलं आठवलं, बोंबील आठवले, वाटाणे आठवले. एवढे रविवार हा माणूस कागद चावत होता आणि वर 'वा' म्हणत होता. मला कुणाकडेच बघवेना. माझ्या हाताला काहीतरी काम हवं होतं. मी पोत्याचं तोंड सोडलं आणि घमेल्यानं कोळसा तसाच शेगडीत लोटला. वाजवला नाही. पाहिलासुद्धा नाही. शेंडी पेटवून आत खुपसली आणि पुठ्ठा घेऊन वारा घालत राहिले, नुसती वारा घालत राहिले.

"आई," अनघा म्हणाली. मी वळले नाही.

कुठला तरी तुकडा कच्चा होता. बराच मोठा असावा, सालीसकट. आधी फसफसला, मग त्यातून पिवळट, जाड धूर निघाला आणि अंगणभर पसरला. असला कडवट की अनघानं नाकाला रुमाल लावला. माझ्या सगळ्या शेकोट्यांमधला सगळ्यात वाईट कोळसा. मी चिमट्यानं तो तुकडा शोधायला लागले.

"काय जळतंय गं?"

मी चिडून म्हणाले, "आता पुरे कर, सुहास."

"नाही, अगं. काय जळतंय?" त्याचा आवाज वेगळा होता, हळू, जवळ आलेलं पाखरू उडू नये म्हणून माणूस बोलतो तसा. "लाकूड आहे. कच्चं. आणि त्यात काहीतरी... गोडूस. डिंक जळल्यासारखं."

मी चिमट्यात धरलेल्या तुकड्याकडे पाहिलं. सालीच्या फटीत डिंकाचा गोळा होता. उकळत होता, बुडबुडे येत होते. तो माझ्या हाताएवढ्या अंतरावरून मला जेमतेम दिसत होता, आणि सुहासचे डोळे बांधलेले.

अनघानं रुमाल खाली केला. ती काही विचारायला गेली, पण मी हातानं थांबवलं. मी तुकडा परत निखाऱ्यांवर ठेवला. कुणी हललं नाही. सुहास खुर्चीवर पुढे झुकून बसला होता, नाकपुड्या फुलवून, तोंड अर्धवट उघडं. ओढणी गालांपाशी ओली झाली होती. धुरानं, असं मी पूर्वी लिहिलं असतं.

तेवढ्यात तळ्यावरून वारा आला. आमच्याकडे असाच येतो, अचानक, दिशा बदलत. धुराचा पट्टा सुहासवरून निघाला, डावीकडे वळला, पेरूच्या झाडाकडे गेला. आणि सुहासचा चेहरा त्याच्या मागे वळला. वारा पडला, धूर हळूहळू उजवीकडे, कुंपणाकडे सरकला. चेहरा उजवीकडे. मी श्वास रोखून पाहत होते. धूर वर चढला, आणि त्यानं मान वर केली.

"अनू," तो म्हणाला, "सोड आता. बघू दे."

अनघाला गाठ सुटेना. "कुठलीच सही नाही करत मी फ्लॅटच्या कागदांवर," ती गाठीशी झटत म्हणाली. "उन्हाळ्यापर्यंत नाही. पण गॅसला अलार्म बसवायचा, आई. आणि बाबा, तुम्ही पुन्हा खोटं बोललात तर..."

"नाही बोलणार," तो म्हणाला. ओढणी सुटली. डोळे लाल, गालांवर काजळी. त्यानं शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फार घाण वास आहे गं, ज्योत्स्ना."

मी वारा घालत राहिले.